अनभिप्रेत हास्य : ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांचा अर्थविचार

हास्याची मीमांसा करणाऱ्यांनी आजवर मुख्यतः योजिलेल्या विनोदाचा विचार केला आहे. विदूषकाचे भाषण, प्रहसनातील प्रसंग, विडंबनकाव्य ह्यांत हसविणारा असतो आणि त्याला हसवावयाचे असते. परंतु जेथे कोणालाही हसवावयाचे नव्हते, किंबहुना जेथे गांभीर्याची पराकाष्ठा अभिप्रेत होती, तेथे पाहणाऱ्याला हसू का फुटते, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. ह्या प्रश्नाच्या अभ्यासाला ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन, म्हणजे ज्याला सामान्य बोलण्यात रेकॉर्डचे कव्हर म्हणतात ते, फार सोयीचे आहे. त्याची जागा मर्यादित असते, त्यावर शब्द आणि चित्र एकत्र नांदतात, आणि जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही त्या नादाविषयी त्याला डोळ्यांशी बोलावे लागते. पाश्चात्त्य देशांत ‘सर्वांत वाईट वेष्टने’ निवडून त्यांचे संग्रह करण्याची हौस गेल्या काही दशकांत पुष्कळ वाढली आहे. ह्या संग्रहांत कुरूप आणि हास्यास्पद ही दोन विशेषणे जणू एकाच अर्थाची म्हणून वापरलेली आढळतात. ती तशी नाहीत, आणि त्यांतील भेद हा मुळात अर्थविचाराचा विषय आहे, असे पुढील विवेचनात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

१. वेष्टनाचे कार्य

ध्वनिमुद्रिकेला चित्र असावे ही कल्पना ध्वनिमुद्रणाइतकी जुनी नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांच्या काळात एका बाजूवर जेमतेम तीन ते पाच मिनिटांचे संगीत मावे. दीर्घ रचनेसाठी अनेक तबकड्या लागत, आणि त्या छायाचित्रांच्या अल्बमसारख्या पुस्तकात एकत्र बांधीत. ‘अल्बम’ हा शब्द संगीतात आला तो ह्याच वाटेने. ह्या पुस्तकांची पुठ्ठ्याची आवरणे बहुधा कोरी किंवा केवळ नाव छापलेली असत. १९४० साली कोलंबिया ह्या अमेरिकन कंपनीतील तरुण कलासंचालक अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस ह्यांनी त्यांवर खास रेखाटलेली चित्रे छापण्यास आरंभ केला. १९४८ मध्ये त्याच कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घवादी तबकडी बाजारात आणली, आणि बारा इंचांचा चौरस हा चित्रकाराचा नवा फलक झाला.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, वेष्टनाचे चित्र हे आरंभापासूनच एक प्रकारचे संबोधन होते. दुकानाच्या फळीवरून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारते. कोणी, कोणाला, कशासाठी हाक मारली, हे प्रश्न जसे वाक्याविषयी विचारता येतात तसे ते वेष्टनाविषयीही विचारता येतात. ज्याला हाक मारली त्याच्याऐवजी भलत्यानेच ती ऐकली तर काय होते, ह्या प्रश्नाकडे मात्र वेष्टनांच्या परीक्षकांचे सहसा लक्ष गेलेले नाही.

२. औचित्य आणि रसाभास

ह्या प्रश्नासाठी लागणारी परिभाषा भारतीय साहित्यशास्त्रात तयार आहे. भरताने हास्याचा उगम शृंगाराच्या अनुकृतीत सांगितला, आणि विकृत वेष, विकृत अलंकार इत्यादींना हास्याचे विभाव मानिले. अभिनवगुप्ताने त्यापुढचे पाऊल टाकले. त्याच्या मते केवळ शृंगाराचाच नव्हे, तर करुणादी कोणत्याही रसाचा आभास अखेर हास्याकडेच जातो, आणि ह्याचे मूळ अनौचित्यात असते. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्याचे स्वतंत्र प्रकरणच मांडले. गळ्यात मेखला आणि कमरेला हार घालणारी व्यक्ती कोणाच्या हास्याला पात्र होणार नाही, अशा आशयाचा त्याचा दृष्टांत सर्वपरिचित आहे.

ह्या दृष्टांतातील मर्म नीट पाहिले पाहिजे. मेखला कुरूप नाही आणि हारही कुरूप नाही. दोन्ही अलंकार मौल्यवान आहेत, आणि हसू येते ते स्थानाच्या चुकीने. म्हणजे हास्याचे कारण वस्तूत नसून संबंधात आहे. कुरूपता हा वस्तूचा दोष मानिता येईल, हास्यास्पदता मात्र संबंधाचा दोष आहे. म्हणूनच केवळ कुरूप असलेली असंख्य वेष्टने विस्मरणात जातात, आणि जे स्मरणात राहते ते बहुधा एखाद्या गंभीर हेतूने, मनापासून, परिश्रमपूर्वक केलेले असते. सुझन सॉन्टॅग ह्यांनी १९६४ साली ‘कॅम्प’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभिरुचीवर जी टिपणे लिहिली, त्यांतही हाच अनुभव वेगळ्या मार्गाने नोंदविला आहे. त्यांच्या मते ह्या अभिरुचीचा शुद्ध प्रकार भोळा असतो. तो स्वतःला गंभीर समजतो आणि ते गांभीर्य साधत नाही.

आता प्रश्न उरतो तो असा : हा संबंध नेमका कोणाकोणांतील? वेष्टनांच्या बाबतीत तो निदान तीन ठिकाणी बिघडू शकतो. शब्द आणि चित्र ह्यांच्यामध्ये, विधान आणि त्याचा पुरावा ह्यांच्यामध्ये, तसेच वक्ता आणि श्रोता ह्यांच्यामध्ये. ह्या तिन्हींची उदाहरणे क्रमाने पाहावी.

३. शब्द आणि चित्र

रोलां बार्थ ह्यांनी १९६४ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात, चित्राचे संभाव्य अर्थ अनेक असतात आणि सोबतचा मजकूर त्यांतील एकाला नांगर टाकून स्थिर करतो, असे प्रतिपादन केले. वेष्टनावर कधीकधी ह्याच्या उलट घडते. शब्द अनेकार्थी असतो आणि चित्र त्यातील एकच अर्थ, तोही सर्वांत क्षुद्र, पकडून ठेवते.

बीच बॉइज ह्या अमेरिकन गायकवृंदाची ‘पेट साउंड्स’ ही ध्वनिमुद्रिका मे १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. विसाव्या शतकातील लोकप्रिय संगीताच्या श्रेष्ठ कृतींत तिची गणना होते. एकाकीपण, वयात येताना होणारी हुरहुर, प्रेमातील अनिश्चितता हे तिचे विषय आहेत. इंग्रजीत ‘पेट’ म्हणजे पाळीव प्राणी, तसेच लाडके, जीवापाड जपलेले. दुसरा अर्थ घेतला तर शीर्षक समर्पक आहे : हे कोणाचे तरी मनात जपलेले नाद आहेत. परंतु त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सॅन डिएगो येथील प्राणिसंग्रहालयात घेतलेले जे छायाचित्र वेष्टनावर छापले, त्यात गायक शेळ्यांना सफरचंदे भरवीत आहेत. चित्राने श्लेषातील प्राणीवाचक अर्थ उचलला आणि दुसरा अर्थ बुजविला. श्लेषाचे सौंदर्य दोन्ही अर्थ एकाच वेळी जागे राहण्यात असते, हे संस्कृत आलंकारिकांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. येथे एक अर्थ चित्ररूपाने समोर उभा राहिल्यामुळे दुसऱ्याला जागाच उरली नाही. आतील संगीत आणि बाहेरील शेळ्या ह्यांतील अंतर हे ह्या हास्याचे कारण होय.

हे उदाहरण मुद्दाम प्रथम घेतले. येथे वाचक परका नाही, संस्कृती परकी नाही आणि आर्थिक बळही कमी नव्हते. दोष योजनेतला आहे आणि तो मूळ श्रोत्यालाही जाणवण्याजोगा आहे. अशा ठिकाणी टीकाकाराचे हसणे न्याय्य ठरते.

४. विधान आणि पुरावा

लूव्हिन बंधूंची ‘सेटन इज रिअल’ (सैतान खरोखरच आहे) ही १९५९ सालची ध्वनिमुद्रिका मात्र वेगळ्या कोटीतील आहे. वाईट वेष्टनांच्या संग्रहांत ती वारंवार आढळते. आयरा आणि चार्ली हे अलाबामातील बाप्टिस्ट कुटुंबात वाढलेले दोघे भाऊ. त्यांच्या जोडगायनाचा प्रभाव अमेरिकन ग्रामीण संगीतावर दीर्घकाळ राहिला आहे. वेष्टनावर ते पांढऱ्या पोशाखात हात पसरून उभे आहेत, भोवती ज्वाळा आहेत आणि मागे सुळे दाखविणारा प्रचंड लाल सैतान आहे. ह्या छायाचित्राची हकीकत चार्ली लूव्हिन ह्यांनी पुढे सांगितली आहे. आयराने स्वतः प्लायवुड कापून सुमारे बारा फूट उंचीचा सैतान तयार केला. दगडाच्या खाणीत जाऊन रॉकेलमध्ये भिजविलेले जुने टायर पेटविले, आणि छायाचित्र निघते न निघते तोच पावसाचे थेंब पडू लागले.

हसू कशाचे येते? सैतानाच्या रूपाचे नव्हे. मध्ययुगीन युरोपातील भिंतीचित्रांत ह्याहून विचित्र सैतान रंगविलेले आहेत आणि ते पाहून कोणी सहसा हसत नाही. भेद माध्यमाचा आहे. चार्ल्स पर्स ह्यांच्या चिन्हविचारात साम्यामुळे अर्थ देणारे चिन्ह आणि प्रत्यक्ष कार्यकारणसंबंधामुळे अर्थ देणारे चिन्ह असे दोन प्रकार वेगळे केले आहेत. रंगविलेले चित्र पहिल्या प्रकारचे होय. त्यात माणूस आणि सैतान दोघेही रंगाचेच असल्यामुळे त्यांच्या सत्यतेची पातळी एक राहते. छायाचित्र हे धुरावरून अग्नी ओळखावा तसे, समोरच्या वस्तूवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाने उमटलेले चिन्ह आहे. म्हणून ते साक्षीदारासारखे वागते. माणसे खरी आहेत, आग खरी आहे, आणि सैतान लाकडाचा आहे, अशी प्रामाणिक साक्ष ते देते. शीर्षक म्हणते ‘खरोखरच आहे’, आणि शीर्षकाच्याच समर्थनासाठी बोलाविलेला साक्षीदार म्हणतो ‘फळी आहे’. हास्य निर्माण होते ते ह्या विसंवादातून.

परंतु हा विसंवाद सर्वांनाच जाणवतो काय? बोहाड्याच्या उत्सवात जव्हार-मोखाड्याकडील आदिवासी देवादैत्यांची सोंगे आणतात. मुखवटा लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा आहे हे तेथे लहान मुलालाही ठाऊक असते. तरीही त्या मुखवट्यापुढे हात जोडले जातात, कारण मुखवटा म्हणजे पुरावा नव्हे, ते स्मरण आहे, हा संकेत सर्वांना मान्य असतो. अमेरिकेच्या दक्षिणेतील ज्या श्रोत्यांसाठी लूव्हिन बंधू गात, त्यांनाही सैतानाच्या अस्तित्वाचा पुरावा नको होता. तो त्यांच्या श्रद्धेचा पूर्वगृहीत भाग होता. शीर्षक त्यांना नवी माहिती देत नव्हते, जाणलेल्या गोष्टीची आठवण करून देत होते. ज्याला ते पूर्वगृहीत मान्य नाही त्याला मात्र तेच वाक्य विधान वाटते, आणि विधान म्हटले की तो पुरावा मागतो. म्हणजे वाक्य तेच राहिले, परंतु श्रोता बदलताच त्याचे भाषिक कार्य बदलले.

आयरा लूव्हिन ह्यांचे आयुष्य मद्यासक्तीने आणि संतापाने ग्रासलेले होते. १९६३ मध्ये दोघा भावांची जोडी फुटली आणि १९६५ मध्ये मोटार-अपघातात आयरांचा मृत्यू झाला. ज्या हातांनी तो लाकडी सैतान कापला त्या हातांच्या धन्याला सैतान म्हणजे काय हे अनुभवाने ठाऊक होते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. वेष्टन पाहून हसणाऱ्याला ही माहिती नसते, आणि ती नसणे ही त्याच्या हास्याची एक अट आहे.

५. वक्ता आणि श्रोता

तिसऱ्या प्रकारात बिघाड निव्वळ भाषेत दाखविता येतो. ‘लेट मी टच हिम’ (मला त्याला स्पर्श करू दे) हे मिनिस्टर्स क्वार्टेट ह्या धर्मगीते गाणाऱ्या चौकडीच्या ध्वनिमुद्रिकेचे शीर्षक आहे. ख्रिस्ताच्या वस्त्राला स्पर्श होताच व्याधीतून मुक्त झालेल्या स्त्रीची कथा नव्या करारात आहे, आणि धर्मगीतांच्या परंपरेत असा स्पर्श सर्वश्रुत आहे. त्या परंपरेत ‘त्याला’ ह्या सर्वनामाचा निर्देश कोणाकडे, हे सांगावे लागत नाही. इंग्रजी लेखनात भाविक मंडळी ईश्वरवाचक सर्वनामाचे आद्याक्षर मोठे लिहितात. परंतु शीर्षकात प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाचे आद्याक्षर मोठे लिहिण्याची रूढी असल्यामुळे हा आदरदर्शक भेद तेथे पुसला जातो. मग परंपरेबाहेरचा वाचक सर्वनामाचा संदर्भ शोधू लागतो, आणि त्याला वेष्टनावर दिसतात ते नीटनेटके कपडे घातलेले पुरुष. तो संदर्भ चित्रातूनच उचलतो आणि भलताच अर्थ हाती लागतो. मराठीतही हा धोका टळला नसता. देवनागरीत मोठे आद्याक्षर नाही, आणि भक्तिपरंपरेत देवाला एकवचनीच हाक मारण्याचा प्रघात असल्यामुळे ‘त्याला’ हे रूप विठ्ठलालाही लागू पडते आणि शेजाऱ्यालाही.

असेच दुसरे शीर्षक ‘ऑल माय फ्रेंड्स आर डेड’ (माझे सगळे मित्र मेले आहेत) हे होय. टेक्सासमधील धर्मोपदेशक फ्रेडी गेज ह्यांच्या प्रवचनाची ही ध्वनिमुद्रिका आहे. गेज ह्यांचे तारुण्य गुंडांच्या टोळीत आणि अमली पदार्थांच्या नादात गेले होते. पुढे त्यांनी व्यसनाधीन तरुणांमध्ये काम केले. ‘सगळे’ हा शब्द कोणत्याही भाषेत क्वचितच निरपवाद असतो. ‘सगळे जेवले काय?’ असे विचारताना घरातील मंडळींपुरतीच चौकशी असते. ही मर्यादा संदर्भ घालून देतो. प्रवचनात ‘सगळे मित्र’ म्हणजे त्या टोळीतील, त्या वाटेने गेलेले सोबती, हे श्रोत्याला उघड असते. प्रवचनातून उचलून वेष्टनावर ठेविलेल्या त्याच वाक्याची मर्यादा नाहीशी होते, आणि ते निरपवाद होऊन अतिशयोक्तीच्या टोकाला जाते. शोकवाक्य अशा रीतीने विनोदी होते. वस्तुतः त्यात सांगितलेले मृत्यू विनोदी नाहीत.

ह्या वर्गातील पुष्कळ ध्वनिमुद्रिका लहान मंडळ्यांनी स्वतःच्या खर्चाने काढिलेल्या असत, आणि प्रार्थनेनंतर वा कार्यक्रमाच्या जागी ओळखीच्या माणसांना विकल्या जात. त्यांचा श्रोता ठरलेला होता. ह्या तबकड्या पुढे जुन्या सामानाच्या दुकानांत आल्या, आणि तेथे त्यांचा संदर्भ सुटला.

केवळ काळ लोटल्यानेही श्रोता बदलतो. ऑर्लिअन्स ह्या वृंदाच्या ‘वेकिंग अँड ड्रीमिंग’ (१९७६) ह्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्यातील पाच वादक उघड्या अंगाने एकमेकांना लगटून उभे आहेत. मोकळेपणा आणि जिव्हाळा हा त्या काळचा त्यातील संकेत होता. त्यांपैकी जॉन हॉल हे २००६ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. तेव्हा तेच चित्र पाहणारा रसिक न राहता मतदार झाला होता. भरताने सांगितलेली शृंगाराची अनुकृती येथे कोणी केली नव्हती. ती काळाने घडविली.

६. अभिप्रायाची मर्यादा

ह्यावरून असे वाटण्याचा संभव आहे की, कर्त्याचा अभिप्राय कळला की प्रश्न सुटला. तसे नाही. ब्लॅक सबाथ ह्या इंग्रज वृंदाच्या ‘बॉर्न अगेन’ (१९८३) ह्या ध्वनिमुद्रिकेवर भडक लाल-निळ्या रंगांत शिंगे आणि सुळे असलेले अर्भक आहे. त्याचे चित्रकार स्टीव्ह जूल ह्यांनी पुढे सांगितले की, ते तेव्हा त्या वृंदातून बाहेर पडलेल्या गायकासाठी काम करीत होते आणि हे काम त्यांना नको होते. म्हणून नाकारले जाईल असेच वाईट चित्र त्यांनी बुद्धिपुरस्सर करून दिले, आणि ते स्वीकारले गेले. म्हणजे येथे वाईटपणा अभिप्रेत होता. तथापि वेष्टनाकडे पाहून हे कोणाला ओळखता येत नाही. पॉल ग्राइस ह्यांनी १९५७ साली अर्थाची जी उपपत्ती मांडली तिच्यात केवळ अभिप्राय असून भागत नाही. तो अभिप्राय श्रोत्याने ओळखावा हाही अभिप्रायाचाच भाग असतो. जूल ह्यांचा हेतू ग्राहकापर्यंत पोचण्यासाठी नव्हताच, आणि म्हणून त्यांच्या सांगण्याने चित्राची उत्पत्ती कळते, त्याचा अर्थ त्याने ठरत नाही.

तेव्हा अनभिप्रेत हास्याचे कारण एकट्या कर्त्यात किंवा एकट्या पाहणाऱ्यात शोधणे व्यर्थ आहे. ते दोघांमधील संकेताच्या तुटण्यात आहे. बेर्गसाँ ह्यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या हास्यविषयक ग्रंथात हास्याला समाजाने केलेली एक प्रकारची शिक्षा मानिले आहे. ताठरपणाने वागणाऱ्याला समाज हसून वळण लावतो, असा त्यांचा अभिप्राय. परंतु शिक्षा करणारा आणि शिक्षा भोगणारा एकाच समाजातील असावेत, हे त्यात गृहीत आहे. शेळ्यांचे छायाचित्र पाहून हसणारा आणि ते छापणारा एकाच बाजारातले आहेत. लाकडी सैतानाला हसणारा मात्र बहुधा त्या समाजाबाहेरून आलेला असतो. अशा हास्याने कोणालाही वळण लागत नाही. ते केवळ अंतर दाखविते.

ह्याचा अर्थ हसू नये असा नव्हे. हसू हे विवेचनाच्या आज्ञेत नसते, आणि संकेत कोठे तुटला हे ते अचूक दाखविते, हा त्याचा मोठा उपयोग आहे. अभ्यासकाने मात्र तेथे थांबू नये. तुटलेला धागा शब्द-चित्रातील आहे, विधान-पुराव्यातील आहे, की वक्ता-श्रोत्यातील आहे, हे त्याने पाहावे. पहिला असेल तर दोष कृतीचा म्हणून नोंदवावा. दुसरा किंवा तिसरा असेल, तर मूळ श्रोता कोण होता आणि त्याच्या कानी ते वाक्य कसे पडले असेल, ह्याचा शोध घेतल्याशिवाय कृतीला नाव ठेवू नये. जुन्या पोथ्यांच्या आणि शिलालेखांच्या बाबतीत ही सावधगिरी प्रत्येक भाषाभ्यासक पाळतो. कालच्या परक्या माणसाच्या बाबतीत ती सैल पडते, कारण त्याची भाषा आपल्याला कळते असे वाटते.

चार्ली लूव्हिन ह्यांनी त्या वेष्टनाचा कधी संकोच बाळगला नाही. २०११ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर पुढील वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘सेटन इज रिअल’ असेच आहे.